उत्तेजनार्थ

काकांची आणि माझी ओळख वरदा चक्रीवादळाने करून दिली. तारीख १२ डिसेंबर २०१६. मला चेन्नईत येऊन चार महिने झाले होते. मैलापुरात, कपालीश्वराच्या तळ्यामागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर मी एकटा राहत होतो. सकाळपासून वारा वाढत चालला होता. मी मॅगीला पाणी ठेवलं आणि बेल वाजली. दारात लुंगी-बनियनमधले, डोक्यापासून पायापर्यंत निथळणारे, पूर्ण टक्कल पडलेले एक गृहस्थ. दोन्ही काखांत एकेक कुंडी.

"दारावरची पाटी वाचली. मराठी ना तू? धर."

मी धरली.

"खिडकीशी नको ठेवूस. तिला वारा सोसत नाही."

ती म्हणजे डेलिया होती. तासाभरात माझ्या हॉलमध्ये ४३ कुंड्या आल्या. काकांचं स्वतःचं तिसऱ्या मजल्यावरचं घर आधीच भरलं होतं; तिथे काकू न्हाणीघराच्या उंबऱ्यावर स्टूल टाकून बसल्या होत्या, कारण बसायला तेवढीच जागा उरली होती. दुपारी वादळ शहरात शिरलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला, शहरभर हजारो झाडं आडवी झाली, आमच्या गल्लीतला गुलमोहर एका मोटारीवर जाऊन निजला. वीज गेली ती तीन दिवस. त्या तीन दिवसांत काका सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे येत. मी काय खाल्लं, प्यायला पाणी आहे का, घरी फोन लागला का, यातलं त्यांनी काही म्हणता काही विचारलं नाही. टॉर्चच्या उजेडात ते एकेक पान उलटून पाहत आणि म्हणत, "काल रात्री खिडकी बंद ठेवलीस वाटतं. घुसमटतात रे ती."

चौथ्या दिवशी कुंड्या परत नेताना त्यांनी खुलासा केला. "जानेवारीत शो आहे."

हा शो म्हणजे आमच्या भागातल्या बागप्रेमी मंडळींची वार्षिक स्पर्धा. ती मार्गळी महिन्यात होते, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंतच्या दिवसांत. चेन्नईत फुलं बरी येतात ती याच दिवसांत, हे खरं आहे. पण खरं कारण वेगळं आहे. मार्गळीत तमिळ माणूस लग्न करत नाही, त्यामुळे कल्याण मंडपम स्वस्तात मिळतं. जिथे एरवी नवरा-नवरी बसायचे त्या चौथऱ्यावर वांगी बसतात. कुंडीतली फुलझाडं, पानांची झाडं, कापलेली फुलं, गच्चीवरच्या भाज्या, पुष्परचना असे वर्ग. भाजीच्या वर्गात एका ताटलीत पाच नग, पाचही एका मापाचे. झाड किमान तीन महिने स्पर्धकाकडे असायला हवं. बक्षिसं एका भांड्यांच्या दुकानदाराकडून येतात, म्हणून ती सगळी एव्हरसिल्व्हरची. स्टेनलेस स्टीलला या शहरात एव्हरसिल्व्हर म्हणतात. पहिल्या बक्षिसाला कुडम, म्हणजे आपली घागर. दुसऱ्याला डबा. आणि उत्तेजनार्थ म्हणून एक टंबलर.

काकांच्या घरी पहिल्यांदा कॉफी प्यायलो तेव्हा टंबलरच्या कडेवर कोरलेली अक्षरं बोटाला लागली. साल होतं आणि खाली तमिळमध्ये काहीतरी. काकूंचा टंबलर वेगळ्या सालाचा. काकांचा तिसऱ्या.

"किती आहेत असे?" मी विचारलं.

"पाहुणे आले तरी पुरतात," काकू म्हणाल्या.

मराठीत या बक्षिसाला 'उत्तेजनार्थ' म्हणतात. इंग्रजीत 'कन्सोलेशन'. तमिळमध्ये 'आरुदल परिसु', आणि आरुदल म्हणजे सांत्वन. इंग्रज आणि तमिळ माणूस हरलेल्याच्या पाठीवरून हात फिरवतो; मराठी माणूस त्याला पुन्हा मैदानात ढकलतो. काकांचं दुर्दैव असं की ते हे बक्षीस तमिळमध्ये घेत आणि मराठीत वाचत. घरी येईपर्यंत त्यांना उत्तेजन आलेलं असे.

बाग करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. माझी आजी संध्याकाळी तुळशीपाशी, सोनटक्क्यापाशी नुसती उभी राहायची. काका झाडापाशी उभे राहत नाहीत. ते त्याची तपासणी घेतात. आयुष्य एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या तपासणी विभागात गेलं, त्यातली शेवटची वीस वर्षं मद्रासला. निवृत्त झाल्यावर तपासायला कोणी शाखा देईना, म्हणून त्यांनी कुंड्या लावल्या असाव्यात. जास्वंदीवर सकाळी नवं फूल आलं की काकू "अगं बाई!" म्हणतात. काका चष्मा वर करून म्हणतात, "डावीकडची पाकळी दुमडली आहे." झाड आपल्यासाठी फुललं, देवासाठी फुललं, काकूंच्या अंबाड्यासाठी फुललं, हे त्यांच्या हिशोबातच नाही. ते परीक्षकासाठी फुललेलं असतं, आणि परीक्षक यायला अजून ४० दिवस असतात. म्हणजे फूल वेळेआधी आलं. चूक फुलाची.

गच्चीला इथे 'मोट्टै माडी' म्हणतात. शब्दशः अर्थ, टक्कल पडलेला मजला. तमिळनाडूच्या फलोत्पादन खात्याने २०१३-१४च्या सुमाराला गच्चीवर भाज्या पिकवण्यासाठी सवलतीत संच द्यायला सुरुवात केली, काथ्याच्या भुश्शाच्या पिशव्या, बियाणं, हत्यारं वगैरे. तेव्हापासून शहरातली निम्मी टकलं हिरवी झाली म्हणतात. काकांनीही तो संच घेतला होता. त्यातून आलेल्या भेंड्या इतक्या सरळसोट आणि मुकाट्याने आल्या की काकांचं त्यांच्यावरचं मन उडालं. जे इथे आपोआप येतं त्यात त्यांना पुरुषार्थ दिसत नाही. त्यांना डेलिया हवी. पुण्याच्या थंडीत वाढणारी, रात्री गारवा मागणारी, थाळीएवढं फूल देणारी डेलिया, समुद्रापासून दीड किलोमीटरवर, जिथे जानेवारीतली सर्वांत थंड रात्रही आपल्याकडच्या पंख्याच्या ऋतूत मोडते. कंद दर वर्षी पुण्याहून येतात, रेल्वेने, कोणाच्या तरी चिवड्याच्या पिशवीतून.

आणि जिन्याच्या वळणावर, फुटक्या कुंडीत, अबोली बारा महिने पेटलेली असते. तिला इथे कनकांबरम म्हणतात आणि निम्मं चेन्नई ती केसांत माळून हिंडतं.

"अहो, ही न्या ना एकदा," काकू म्हणतात.

"अबोलीला वर्ग नाही."

"फुलझाडांतच घाला."

"तिला मी काही केलेलं नाही," काका म्हणतात. या वाक्यातला प्रामाणिकपणा मला अजून छळतो.

डेलियाचं फूल मोठं करायचं तर एका दांड्यावर एकच कळी ठेवतात आणि बाजूच्या सगळ्या खुडतात. काका हे काम पहाटे, भिंग लावून, शल्यविशारदाच्या गंभीरपणाने करतात. एकदा मी ते बघत उभा होतो. काकू कपडे वाळत घालत होत्या. चिमटा तोंडात धरून त्या म्हणाल्या, "आमच्या मुलीच्याही खुडल्या यांनी अशाच. नाच, चित्रकला, पोहणं. एकच मोठ्ठं फूल पाहिजे होतं, सी.ए."

"झाली?"

"तिसऱ्या खेपेला. आता कोईमतूरला भरतनाट्यम शिकते. एकोणचाळिसाव्या वर्षी."

काकांनी वर पाहिलं नाही. पण कात्री एक क्षण थांबली होती, ते मी पाहिलं.

काकांची दोन तीर्थक्षेत्रं आहेत. एक कॅथीड्रल रोडवरची अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी. स्थापना १८३५. साहेबाने मद्रासला ज्या गोष्टी आणल्या त्यांत फुलांना फूटपट्टी लावायची ही एक. आपल्याकडे फुलं पायलीने, वाट्याने, गजऱ्याने मोजत. त्याने इंचाने मोजली आणि त्यांना नंबर दिले. साहेब गेला, फूटपट्टी राहिली. सोसायटीच्या रोपवाटिकेत काका चपला बाहेर काढायच्या बेतात असतात. तिथल्याच जमिनीवर एके काळी वुडलँड्स ड्राइव्ह-इन हे हॉटेल होतं, गाडीत बसून डोसा खायचं. ते २००८ला बंद झालं आणि त्या जागी २०१०मध्ये सेम्मोळी पूंगा हे सरकारी उद्यान आलं. २०२२च्या जूनमध्ये सरकारने कलैवाणर अरंगम या सभागृहात पुष्पप्रदर्शन भरवलं तेव्हा गर्दी लोटली होती. काका मला घेऊन गेले. बाहेर जूनचं ऊन, आणि समोर थंड हवेच्या गावांहून आणलेल्या फुलांचे हत्ती-मोर. लोक फोटो काढत होते. काका एका फुलमोरासमोर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "भाड्याचे पैलवान आहेत."

दुसरं तीर्थ उटी. तिथल्या सरकारी वनस्पती उद्यानात १८९६ सालापासून मे महिन्यात पुष्पप्रदर्शन भरतं. शिवाय कुन्नूरला सिम्स पार्कमध्ये फळांचं, कोटागिरीला भाज्यांचं. मे महिन्यात, चेन्नईत अग्निनक्षत्र, म्हणजे कडक उन्हाचे दिवस, चालू असताना, सगळं शहर गारव्यासाठी उटीला पळतं. काका वही आणि शिंप्याची टेप घेऊन जातात. डेलियाचा व्यास, दांड्याची लांबी, पानांच्या जोड्यांची संख्या, सगळं टिपून आणतात. काकूंनी चाळीस वर्षांच्या संसारात उटीचं तळं तीनदा पाहिलं, तेही बसमधून.

टेपवरून आठवलं. चेन्नईत फुलांची माळ 'मुळम'वर विकतात: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. माप विकणारणीच्या हाताचं. काकांनी आमच्या कोपऱ्यावरच्या पूक्कारम्माचा हात एकदा टेपने मोजला आणि तिला सांगितलं, साडेसोळा इंच, दीड इंच कमी आहे. दुसऱ्या दिवसापासून तिने काकांच्या वेळेला टोपलीपाशी आपल्या दहा वर्षांच्या नातीला बसवायला सुरुवात केली.

या सगळ्यात काकांचा प्रतिस्पर्धी कोण, तर तळमजल्यावरच्या मामी. वय सत्तरीच्या पुढे, नऊवारीसारखी मडिसार फक्त सणाला, एरवी सुती साडी, नाकात दोन्ही बाजूंना हिरे. मामींची बाग म्हणजे मागच्या बोळातले रंगाचे रिकामे डबे. त्यांत कढीलिंब, मल्ली, मरवा आणि एक नागवेल. खत म्हणजे तांदळाचं धुवण आणि फिल्टर कॉफीचा चोथा. मार्गळीत त्या पहाटे साडेचारला उठतात, दारात कोलम, म्हणजे इथली रांगोळी, काढतात, शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं फूल खोचून मध्ये ठेवतात आणि उरलेलं पाणी वेलीला घालतात. स्पर्धेच्या दिवशी नातू तो रंगाचा डबा जसाच्या तसा स्कूटरच्या पायाशी ठेवून मंडपात नेतो. पानं तळहाताएवढी, काळसर हिरवी, एकाही पानावर डाग नाही. पहिलं बक्षीस. मामी घागर घेऊन घरी येतात आणि रसम टाकतात. त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर सहा-सात घागरी ओळीने पालथ्या घातलेल्या आहेत. एकीत त्या लाल मिरच्या ठेवतात.

"मामी, गुपित काय?" मी एकदा विचारलं.

मामी विचारात पडल्या. "तंबी," त्या म्हणाल्या, "पाणी घालते."

काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते कडवट हसले. "सांगेल होय ती तुला!"

मग काकांनी मीन अमिलम केलं. हे इथल्या सेंद्रिय शेतकऱ्यांचं लाडकं टॉनिक. माशांचा टाकाऊ भाग आणि तेवढाच गूळ, झाकण घट्ट लावून तीन आठवडे मुरवायचं. काका जन्माचे शाकाहारी, तरी नाकाला रुमाल बांधून चिंताद्रीपेठच्या मासळी बाजारात गेले. तिथल्या बाईला त्यांच्या तमिळने काय सांगितलं देव जाणे. इतक्या वर्षांत काकांनी तमिळचे सहाच शब्द कमावलेत: मण्णु, तण्णी, उरम, पू, पूच्चि आणि एव्वळवु. माती, पाणी, खत, फूल, किडा आणि 'केवढ्याला'. यांवर ते बँक, दवाखाना आणि मेट्रो तिन्ही चालवतात.

बरणीचं झाकण घट्ट बसलं नव्हतं. दहाव्या दिवशी वास जिन्यातून उतरायला लागला. आमची इमारत अशी की कांदा चिरला तरी चौथ्या घरी कळतं. उंदीर मेला आहे, यावर सर्वांचं एकमत झालं. वॉचमनने गटार उपसलं. मीटरची पेटी उघडली. मामींच्या नातवाने पाण्याच्या टाकीत मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. तीन दिवस शोध चालला, आणि या शोधात सर्वांत पुढे काका होते. तळमजल्यापासून सुरुवात करून ते प्रत्येक कोपरा हुंगत, मान हलवत, "इथे नाही" असं सांगत चालले होते. फक्त गच्चीवर ते म्हणाले, "वर मी पाहून आलोय." काकू त्या तीन दिवसांत कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या. त्या वर्षी डेलियाला पान भरपूर आलं. फूल आलं नाही. नत्र जास्त झालं होतं, असं काका म्हणाले. पानांच्या वर्गात नाव द्यायची मुदत मात्र गेली होती.

२०१९चा उन्हाळा इथे कोणी विसरणार नाही. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स, चेंबरंबाक्कम, शहराला पाणी देणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. टँकर यायचा तो रात्री दोनला, आणि घागरींची रांग लागायची. मामींच्या सगळ्या बक्षिसांना त्या उन्हाळ्यात प्रथमच पाण्याचं काम मिळालं. बोअरचं पाणी इतकं खारट की डेलियाच्या पानांच्या कडा जळायला लागल्या. प्यायला वीस लिटरचे कॅन विकत येत. त्यातलं एक कॅन कुठे जातं याचा काकूंना पत्ता लागेना. लागला तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. आणि मग काकांना शोध लागला, की एसीच्या नळीतून पडणारं पाणी हवेतल्या दमटपणाचं असतं. त्यात मीठ नाही.

काकांकडे एसी नाही. माझ्याकडे आहे. त्याची नळी मागच्या बोळात उतरते. तिच्याखाली काकांनी निळी बादली ठेवली आणि माझ्या आयुष्यात एक नवा माणूस आला, जो रात्री साडेअकराला फोन करून विचारी, "झोपलास का? एसी लावून झोप. बादली अर्धीच आहे."

"काका, आज गार आहे. जानेवारी आहे."

"तेच म्हणतो. हवेत दमटपणा आहे. वाया घालवू नकोस."

पाऊस आला, जलाशय भरले, पण बादली तिथेच राहिली. महिन्याच्या शेवटी काका मला विजेच्या बिलात पन्नास रुपये देऊ करीत. मी घेत नसे. मग ते पावतीवर 'सप्रेम नाकारले' असं लिहून फाइलला लावत.

स्पर्धेनंतर दर वर्षी काका मंडळाला पत्र लिहितात. चार पानं, टाइप केलेली, वर 'विदाउट प्रेज्युडिस'. परीक्षक तिघे: एक निवृत्त प्राध्यापक, एक रोपवाटिकेचे मालक आणि भांडीवाल्यांच्या पत्नी. काकांनी एका वर्षी घड्याळ लावून नोंद केली होती, की त्यांच्या डेलियासमोर प्राध्यापक अकरा सेकंद थांबले, रोपवाटिकावाले सात सेकंद, आणि बाईंनी चालता चालता पाहिलं. मामींच्या नागवेलीसमोर तिघंही थांबले, एवढंच नव्हे तर बाईंनी एक पान तोडून मागितलं. पत्राच्या शेवटी मागणी एकच असे: गुणपत्रिका दाखवा.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे राव सार. तंजावरचे मराठी ब्राह्मण. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घराणी दक्षिणेत उतरली त्यांतल्या एका घराण्यातले. घरात अजून मराठी बोलतात, तमिळच्या चालीवर; अर्ध्या वाक्यापर्यंत आपल्याला वाटतं आपण आजीच्या आजीशी बोलतोय आणि उरलेल्या अर्ध्यात काहीच कळत नाही. काका त्यांना आपलं माणूस समजत, आणि राव सारही काकांचं पत्र वाचण्याआधी नेहमी डोळे मिटत. सरफोजीराजांनी झाडापानांची चित्रं काढून घेतली होती, हे ते काकांना दर भेटीत सांगत आणि तेवढ्यात पत्राचा विषय मागे पडे. साडेतीनशे वर्षं परमुलखात टिकलेल्या माणसांना असं सगळं जमतं. चौदाव्या पत्रानंतर त्यांनी दरबारी तोडगा काढला. काकांनाच परीक्षक केलं.

"परीक्षकाला भाग घेता येणार नाही," काका म्हणाले.

"नाहीच," राव सार म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं सरस्वती महाल ग्रंथालयाचं गांभीर्य.

काका महिनाभर तयारी करत होते. गेल्या मार्गळीतल्या त्या रविवारी सकाळी सातला ते मंडपाच्या दारात उभे होते: पांढरा सदरा, बँकेचा जुना टाय, हातात व्हर्नियर कॅलिपर, भिंग, टॉर्च आणि आठ पानांचा तक्ता. मी सोबत होतो, लिहून घ्यायला. बाकीचे दोन परीक्षक नऊला आले आणि साडेनऊला संपवून सांबार-वडा खायला गेले. काका दुपारी एकला अजून वांग्यांच्या टेबलावर होते.

त्या दिवशी मी एक कलावंत पाहिला, हे मला कबूल करायला हवं. एका गुलाबाच्या पाकळ्या मिटून राहाव्यात म्हणून आतून लोकरीचा धागा बांधलेला त्यांनी दोन फुटांवरून ओळखला. एका क्रोटनच्या पानांवर खोबरेल तेल होतं. काकांनी पानावर बोट फिरवलं, वास घेतला आणि तक्त्यावर काट मारली. एक सुंदर कुंडी उचलून त्यांनी आत डोकावलं. मातीखाली रोपवाटिकेची काळी पिशवी तशीच होती. "तीन महिने?" त्यांनी स्पर्धकाला विचारलं. स्पर्धक म्हणजे एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या रडायच्या बेतात आल्या. पाच वांग्यांच्या एका ताटलीत तिसऱ्या वांग्याच्या देठाखाली सुपरमार्केटचं लेबल होतं. काकांनी ते नखाने हळुवार काढलं आणि तक्त्याला पुरावा म्हणून चिकटवलं. एवढ्या सगळ्या खोटेपणातून इतकी वर्षं हा माणूस आपली खरीखुरी, रोगट, किरमिजी डेलिया घेऊन चालत गेला होता. मला जरा गलबलून आलं.

मग मामींचा रंगाचा डबा. काका त्यासमोर २० मिनिटं होते. प्रत्येक पान मोजलं. मागून पाहिलं. माती चिमटीत धरून हुंगली. शेवटी ते माझ्याकडे वळले. आवाज खाली गेला होता. "एकही दोष नाही रे."

"मग पहिलं बक्षीस?"

"त्यात केलंय काय तिने?" काका म्हणाले.

निकाल साडेतीनला लागला. इतर दोन परीक्षक काकांच्या आठ पानांपुढे हताश होऊन सही करून मोकळे झाले होते. निवेदिकेने कागद उघडला, वाचला, मागे वळून राव सारांकडे पाहिलं. राव सारांनी डोळे मिटले. पहिलं बक्षीस, कोणीही पात्र नाही. दुसरं, कोणीही पात्र नाही. आरुदल परिसु: आणि ती यादी वाचायला लागली. सत्तावीस नावं. लोकर बांधलेला गुलाब, तेल लावलेला क्रोटन, काळी पिशवी, सगळ्यांना. भांडीवाल्यांनी टंबलर सहाच आणले होते. एका पोराला स्कूटरवरून दुकानात पिटाळलं, आणि तो येईपर्यंत निवेदिकेने मार्गळीचं महत्त्व सांगितलं. घागर आणि डबा टेबलावर तसेच राहिले. काका चौथऱ्यावर ताठ बसले होते. इतका न्याय एका दिवसात केल्याने त्यांना थकवा आला होता.

मामी विसाव्या. त्या हळूहळू पायऱ्या चढल्या, टंबलर घेतला, उलटा केला, सुलटा केला, त्यावरची अक्षरं वाचली. आयुष्यात पहिल्यांदा वाचत असाव्यात. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. रागाने नव्हे. आपण इतके दिवस ज्या दाराशेजारून जात होतो त्या दारामागे एक खोली आहे, हे आज कळल्यासारखं.

"थँक्यू सार," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बेल वाजली. काका. लुंगी, बनियन, हातात निळी बादली, रिकामी.

"खाली बघ."

मी गॅलरीतून वाकलो. बोळात अजून अंधार होता. माझ्या एसीच्या नळीखाली एक एव्हरसिल्व्हरची घागर ठेवली होती, घासून लख्ख केलेली, आणि तीत थेंब पडत होता. टण. टण. शेजारी मामी हातात टॉर्च घेऊन नागवेलीची पानं एकेक करून उलटून पाहत होत्या. दारात कोलम काढलेलं नव्हतं.

काका माझ्या शेजारी कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले. घागर किती भरली आहे याचा अंदाज घेत असावेत. मग त्यांनी बादली दुसऱ्या हातात घेतली.

"तुझ्या त्या आतल्या खोलीत," ते म्हणाले, "दुसरा एसी बसवणार होतास ना रे?"